खाल्लेले अंगी का लागत नाही?

‘खातो तर चांगला, पण मेल्याच्या अंगी म्हणून लागत नाही!’ हे वाक्य ज्या घरात कधीच उच्चारले गेले नाही, असे मराठी घर शोधूनच काढावे लागेल. मूल तसे खेळते, शाळेत जाते, पानात वाढलेले संपवते. पण बरोबरीची मुले चार बोटे उंच झाली तरी हे आपले मागच्याच दिवाळीच्या सदऱ्यात! मग घरात सल्लामसलत सुरू होते. आजी म्हणते, दृष्ट लागली असेल. शेजारच्या काकू म्हणतात, जंत झाले असतील. वडील वर्तमानपत्रातून डोके वर न काढता म्हणतात, आमच्या घराण्याची ठेवणच किरकोळ. त्याप्रमाणे मीठमोहऱ्या ओवाळून होतात, जंतांचे औषध होते, टॉनिकच्या चार बाटल्या संपतात. बहुतेक मुले यथाकाल वाढतातही, आणि प्रत्येक जण आपलाच उपाय लागू पडला असे समजून समाधान पावतो.

पण काही मुले वाढत नाहीत. काही मुलींच्या चेहऱ्यावर लोहाच्या गोळ्या खाऊन खाऊनही रक्ताचा टिपूस दिसत नाही. अशांपैकी काहींच्या बाबतीत दोष दृष्टीचा नसतो आणि जंतांचाही नसतो. तो रोज दोन वेळा, तूप लावून, मोठ्या मायेने त्यांच्या ताटात वाढला जात असतो. तो म्हणजे गव्हाची पोळी.

हे वाचून कोणी लगेच पोळ्यांचा डबा माळ्यावर टाकू नये. शंभरांतल्या नव्याण्णव माणसांना गहू उत्तम मानवतो आणि त्यांनी तो सुखाने खावा. हा लेख आहे तो उरलेल्या एकासाठी. कारण तो एक जण आपल्याला वाटतो तितका दुर्मिळ नाही, आणि बहुतेक वेळा त्याचे त्यालाही माहीत नसते.

या विकाराचे नाव सीलिअॅक. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘पोटाचा’ एवढाच. तो कसा होतो हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याची जरुरी नाही; स्वयंपाकघर पुरे. कणकेचा एक घट्ट गोळा घेऊन वाहत्या पाण्याखाली चोळत राहा. पांढरे पाणी निघून जाईल, ते पिष्ट. शेवटी हातात एक चिवट, रबरासारखा ताणला जाणारा लगदा उरेल. तोच ग्लूटेन. याच्याच जोरावर पोळी कागदासारखी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारीच्या पिठात हा चिवटपणा नसतो. म्हणून तर भाकरीचे पीठ गरम पाण्यात मळून, हाताने थापून वळवावे लागते, आणि नवी सून पहिल्या दिवशी भाकरीला भेगा पाडते! हा ग्लूटेन गव्हात आहे, तसाच त्याची भावंडे जवात आणि राय नावाच्या विलायती धान्यात आहेत.

आता आपल्या लहान आतड्याकडे वळू. त्याचे अस्तर टर्किश टॉवेलसारखे असते. असंख्य बारीक अंकुर त्यावर उभे असतात आणि अन्नातील सत्त्व तेच शोषून घेतात. सीलिअॅक असलेल्या माणसाने गहू खाल्ला की त्याच्या शरीरातील रक्षक पेशी ग्लूटेनला शत्रू समजतात आणि त्याच्यावर हत्यार उपसतात. पण वार होतात ते आतड्याच्या स्वतःच्या अस्तरावर. हळूहळू ते अंकुर झडतात आणि टर्किश टॉवेलचा मांजरपाट होतो. मग पंचपक्वान्ने खाल्ली तरी ती वरून वाहून जातात. अंगी लागत नाही म्हणतात ते येथे अगदी शब्दशः खरे होते.

यात एक मर्माची गोष्ट आहे. लोह शोषले जाते ते लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, आणि या रोगाचा मारा सर्वांत जास्त होतो तोही नेमका तेथेच. म्हणून पुष्कळांच्या बाबतीत पोटाची तक्रार नावालाही नसते. दिसतो तो फक्त पंडुरोग. लोहाच्या गोळ्या पोटात जातात आणि तशाच निघून जातात. वैद्य बदलतो, गोळीचा रंग बदलतो, रक्त मात्र बदलत नाही.

हा रोग अन्नामुळे होतो असा संशय जुना आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात डॉ. सॅम्युअल गी यांनी १८८७ साली या रोगावर व्याख्यान दिले. रोगी बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले. त्यांच्या एका बालरोग्याला रोज हॉलंडचे शिंपले खाऊ घातले तेव्हा तो चांगला बाळसे धरू लागला. पण शिंपल्यांचा हंगाम संपला आणि दुखणे परत आले. पुढच्या हंगामात त्या मुलाने शिंपल्यांना तोंड लावायचे साफ नाकारले! गंमत अशी की, याच डॉक्टरांनी आपल्या रोग्यांना भात वर्ज्य केला आणि पातळ कापून खरपूस भाजलेल्या पावाला परवानगी दिली. दार बरोबर ओळखले, पण किल्ली उलटी फिरवली.

ती सुलटी फिरवली हॉलंडच्या डॉ. विलेम डिके यांनी. हेग शहरातील मुलांच्या रुग्णालयात ते काम करीत. पाव बंद केला की आपले मूल सुधारते, असे एका आईने त्यांना सांगितले होते, आणि त्यांनी ते ‘बायकांच्या समजुती’ म्हणून सोडून दिले नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, हॉलंडच्या पश्चिम भागात भयंकर दुष्काळ पडला. पाव मिळेना, लोक ट्यूलिप फुलांचे कंद उकडून खाऊ लागले. हजारो माणसे भुकेने मेली. अशा त्या काळात सीलिअॅकची मुले मात्र सुधारताना दिसली, आणि पाव पुन्हा मिळू लागला तशी तीच मुले पुन्हा आजारी पडली. युद्धानंतर डिके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काटेकोर मोजमापे करून गव्हाचा दोष सिद्ध केला. १९५० साली उत्रेख्त विद्यापीठात डिके यांचा प्रबंध सादर झाला. एका आईचे निरीक्षण, एक दुष्काळ आणि ऐकून घेणारा एक डॉक्टर, एवढ्यावर हा शोध उभा आहे.

कारण सापडल्यालाही आता पाऊणशे वर्षे होत आली. मग रोग अजून लपून का राहतो?

पहिले कारण असे की, तो युरोपातल्या गोऱ्या मुलांचा दुर्मिळ रोग आहे, अशी समजूत फार दिवस घट्ट बसली होती. उत्तर भारतातील मुलांमध्ये हा रोग आढळल्याचा अहवाल ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १९६६ सालीच छापून आला होता; तरी समजूत हलली नाही. पुढे रक्ताच्या तपासण्या निघाल्या आणि आजारी माणसांऐवजी धडधाकट दिसणाऱ्या माणसांत शोध सुरू झाला, तेव्हा चित्र पालटले. इटलीत १७,२०१ शाळकरी मुलांची पाहणी १९९६ साली प्रसिद्ध झाली. तीत दर १८४ मुलांमागे एकाला हा रोग निघाला, आणि ज्ञात असलेल्या एका रोग्यामागे सात अज्ञात रोगी सापडले. अमेरिकेत २००३ च्या पाहणीत सर्वसाधारण लोकांत १३३ मागे एक असे प्रमाण आले.

आपल्याकडचे काय? दिल्ली आणि परिसरात घरोघर जाऊन केलेली पाहणी २०११ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात १०,४८८ माणसांची विचारपूस झाली आणि २,८७९ जणांचे रक्त तपासले गेले. निष्कर्ष निघाला तो असा की, दर ९६ माणसांमागे एकाला सीलिअॅक आहे. म्हणजे युरोप-अमेरिकेहून काही कमी नाही, किंचित जास्तच!

याहून उद्बोधक आहे ती २०१६ साली प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी. तिच्यात २३,३३१ निरोगी प्रौढांची तपासणी झाली. उत्तरेत हजारी साडेआठ, ईशान्येकडे हजारी साडेचारच्या थोडे वर, आणि दक्षिणेत जेमतेम दहा हजारी एक असे प्रमाण निघाले. हा रोग होण्यासाठी अंगात ठराविक जनुक असावे लागते. कोणी म्हणेल, दक्षिणेकडच्या लोकांत ते नसेल. पण तसे नाही. उत्तरेत शंभरांत ३८ जणांत ते सापडले, तर दक्षिणेत ३६ जणांत. फरक होता तो ताटात. उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम गहू पोटात जात होता, आणि दक्षिणेत २५ ग्रॅम. ईशान्येकडे गहू थोडाच खातात, तरी तेथे रोगी निघालेच. तेव्हा सगळा हिशेब गव्हाच्या मापावर सुटत नाही हे खरे. परंतु बी जमिनीत असले तरी पाणी मिळाल्यावाचून ते रुजत नाही, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

हा बोध आपल्या कामाचा आहे. महाराष्ट्र या उत्तर-दक्षिणेच्या मधोमध बसला आहे. देशावर ज्वारी-बाजरी आणि कोकणात तांदूळ-नाचणी हा आपला जुना शिधा. गव्हाची पोळी सणासुदीची, आणि पुरणाची तर वर्षातून मोजून चार वेळा. आता ती रोजची झाली आहे. रेशनवर गहू मिळतो, मुलांच्या डब्यात पोळीभाजी असते, सकाळी चहाबरोबर बिस्किटे आणि खारी, संध्याकाळी पाव. इंदूर-ग्वाल्हेरकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे तर केव्हाच गव्हावर आली. ज्या घरात आजोबांना भाकरीवर काही त्रास झाला नाही, त्याच घरात नातवाला पोळीवर तो होऊ शकतो. तेव्हा ‘आमच्या घराण्यात असले काही नाही’ हे म्हणणे येथे उपयोगाचे नाही.

दुसरे कारण म्हणजे हा रोग बहुरूपी आहे. पुस्तकातले चित्र आहे ते पोट पुढे आलेल्या, हातापायांच्या काड्या झालेल्या आणि सतत जुलाब होणाऱ्या लहान मुलाचे. ते चित्र असले तर डॉक्टरला शंका येते. पण पुष्कळांना जुलाब होतच नाहीत. काहींना तर उलट मलावरोध असतो! कोणाची फक्त उंची खुंटते. कोणाला वरचेवर तोंड येते. कोणाची हाडे चाळिशीतच ठिसूळ होतात. कोणाच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर खाजरे फोड उठतात. एखादी मुलगी वेळेवर शहाणी होत नाही. एखाद्या बाईचे दिवस पुनःपुन्हा वाया जातात. आणि प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र नाव तयारच असते. पोट बिघडले की आव किंवा जुनी संग्रहणी. वजन घटले की क्षयाची शंका. तोंड आले की उष्णता. थकवा आला की मनाचा अशक्तपणा. रोगी या दवाखान्यातून त्या दवाखान्यात जातो, आणि एकाच रोगाला पाच नावे घेऊन घरी येतो.

तिसरे कारण सर्वांत दुःखदायक आहे. जे दुखणे सर्वांनाच असते, ते कोणाचेच दुखणे राहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शंभरांत ५७ जणींना पंडुरोग आढळला. त्यांतल्या बहुतेकींचे कारण साधे असते: पोटाला पुरेसे नाही, पाळीत रक्त जाते, बाळंतपणे होतात. पण त्या गर्दीत सीलिअॅकची बाई उभी असली तर तिला ओळखणार कोण? ‘बायकांना रक्त कमीच असते’ म्हणून तिची बोळवण होते. घरी ती थकून बसली तर आळशी ठरते, अंगावर मांस धरत नाही म्हणून माहेरच्यांचा उद्धार होतो, आणि मूल झाले नाही तर काय काय ऐकून घ्यावे लागते हे सांगायला नको. मूल न होण्याची कारणे अनेक, आणि निम्म्या वेळा ती पुरुषाकडेही असतात. परंतु ज्या थोड्या बायकांच्या बाबतीत मूळ आतड्यात असते, त्यांच्यासाठी एक साधी रक्ततपासणी आयुष्य बदलून टाकू शकते. ती कोणी सुचवतच नाही, हे वाईट.

चौथ्या कारणाला आपले हल्लीचे फॅशनचे वेडही हातभार लावते. वजन उतरावे म्हणून, कोणा नटीने सांगितले म्हणून, चांगली धडधाकट माणसे गहू सोडतात आणि तसे चारचौघांत सांगतात. मग खरा रोगी लग्नाच्या पंगतीत पुरी नको म्हणाला, की लोकांना तोही त्याच मेळ्यातला वाटतो. ‘एका पुरीने काय होते? प्रसादाला नाही म्हणू नये!’ असा आग्रह होतो. त्याच्या बाबतीत एका पुरीनेही पुष्कळ होते. पोटात लगेच कळ येईलच असे नाही. पण आतले अंकुर पुन्हा झडायला लागतात.

गहू स्वतःच सोडून पाहण्याचा आणखी एक मोठा तोटा आहे, आणि या लेखातील एकच वाक्य लक्षात ठेवायचे असेल तर ते हे ठेवावे: संशय आला तरी तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. रक्ताच्या तपासणीत सापडते ती गव्हाविरुद्ध चाललेल्या लढाईची खूण. गहूच थांबला की लढाई थांबते, खुणा हळूहळू पुसल्या जातात आणि अहवाल ‘काही दोष नाही’ असा येतो. मग निदान करायचे तर पुन्हा काही आठवडे गहू खाऊन दुखणे ओढवून घ्यावे लागते. आधी तपासणी, मग पथ्य. हा क्रम उलटा करू नये.

तपासणी तशी अवघड नाही. पहिली असते रक्ताची. तिला टीटीजी-आयजीए म्हणतात. काही माणसांच्या रक्तात आयजीए हे द्रव्य मुळातच कमी असते, आणि त्यांच्या बाबतीत ही तपासणी फसते. म्हणून त्याचे एकूण प्रमाणही बरोबरच पाहून घ्यावे. ती तपासणी दोष दाखवील तर तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाचे चार-सहा बारीक तुकडे काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. नुसती दुर्बीण घालून ‘वरून सगळे ठीक दिसते’ एवढ्यावर भागत नाही, कारण अस्तर डोळ्यांना ठीक दिसूनही आत बिघडलेले असू शकते. मुलांच्या बाबतीत रक्तातील प्रमाण फारच वाढलेले असले, तर दुसऱ्या नमुन्यावर खात्री करून दुर्बिणीवाचून निदान करण्याची मुभा युरोपातील बालरोगतज्ज्ञांच्या नियमांत आहे. अर्थात तो निर्णय डॉक्टरांचा.

ही तपासणी कोणी सुचवून घ्यावी? ज्याची उंची कारणावाचून खुंटली आहे. ज्याचा पंडुरोग लोह देऊनही हटत नाही. ज्याचे पोट महिनोन्‌महिने बिघडलेले आहे. ज्याची हाडे अकाली ठिसूळ झाली आहेत. तसेच लहानपणीच इन्सुलिन लागणारा मधुमेह किंवा थायरॉइडचा काही विशिष्ट विकार ज्याला आहे, त्याने. आणि घरात एकाला हा रोग निघाला, तर त्याचे आईबाप, भावंडे आणि मुले या सर्वांनी, कसलीही तक्रार नसली तरी. रक्ताच्या नात्यात त्याचे प्रमाण इतरांहून पुष्कळ अधिक असते.

निदान झाले म्हणजे पुढे काय? औषध नाही, पथ्य आहे आणि ते जन्मभराचे आहे. पण त्याचे फळही तसेच आहे. गहू पूर्ण थांबला की आतड्याचे अंकुर पुन्हा उगवू लागतात. लहान मुले तर काही महिन्यांत पालटतात. मोठ्यांना वर्ष-दोन वर्षे लागतात.

या बाबतीत मराठी स्वयंपाकघर भाग्यवान म्हटले पाहिजे. पंजाबातल्या घरात गहू काढला तर चुलीवर काय ठेवायचे हा प्रश्न पडतो. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ यांनी फडताळ भरलेले आहे. आंबोळी, घावन, थालीपिठाची गहू न घातलेली भाजणी, पिठले-भाकरी, मऊ भात, हे सर्व चालते. उपासाचे पदार्थ तर सरसकट चालतात: साबुदाणा, वरीचे तांदूळ, राजगिरा, शिंगाडा.

मात्र चोर लहान असतात आणि भलत्याच वाटेने शिरतात. रवा, मैदा, दलिया, शेवया ही गव्हाचीच रूपे हे सांगायला नको. पण कुरडया गव्हाच्या चिकाच्या असतात, हे चटकन आठवत नाही. खपली गहू मधुमेहाला बरा म्हणून कोणी आणतात; तोही गहूच. सातूच्या पिठात गहू असतो आणि खुद्द सातू म्हणजे जव, तोही वर्ज्यच. बाजारी बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो. तेव्हा डबीवरचा मजकूर वाचून घ्यावा. सर्वांत मोठा चोर पिठाच्या गिरणीत बसलेला असतो. गव्हावर ज्वारी दळली की निम्मा गहू भाकरीत आलाच म्हणून समजा. अशा घरी धान्य वेगळ्या जात्यावर दळावे, किंवा घरचे छोटे यंत्र घ्यावे. पोळपाट, तवा आणि डबा वेगळा ठेवावा. विकतच्या पदार्थावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे छापण्यासाठी आपल्या देशातील कायद्याने किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे. एवढे प्रमाण किती थोडे आहे यावरूनच पथ्य किती कडक हवे ते कळेल.

दिवाळीचे फराळाचे ताट समोर आहे, म्हणून त्याचाही निवाडा करून टाकू. शंकरपाळे, करंज्या, चिरोटे आणि रव्याचे लाडू हे त्या एकाच्या ताटात जाऊ नयेत. अनारसे, बेसनाचे लाडू, पोह्यांचा चिवडा, तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली आणि कडबोळी खुशाल जावीत. फक्त हिंग तपासलेला हवा, भाजणी गव्हावर दळलेली नको, आणि तळण वेगळे हवे. शंकरपाळ्यांच्या तेलात तळलेली चकली त्याला चालत नाही. तेव्हा त्याची चकली पहिल्या घाण्याला काढावी, म्हणजे कोणाचाच खोळंबा नाही.

घरात वर्षानुवर्षे कोणी थकलेले, फिकट, खुंटलेले असेल, तर त्याला नावे ठेवण्यापूर्वी एकदा रक्त तपासून घ्यावे. अहवाल चांगला आला तर उत्तमच. वाईट आला तरी तो सुधारण्याची चावी आपल्याच गिरणीत आणि आपल्याच स्वयंपाकघरात आहे. या दिवाळीत फराळाचे ताट जरूर फिरवा. पण कोणी ‘नको’ म्हणाले तर आग्रह करण्याऐवजी ‘का?’ एवढे विचारा.